बेग साब

पैठण गेटजवळच्या टपरीवर सकाळी कुणी नुसतं "आज गरम होतंय" म्हणालं, तरी काका बशी खाली ठेवतात. बशी खाली आली की कट्ट्याला कळतं, काकांना हे पटलेलं नाही.

पूर्वी त्यांचं "तसं नाहीये ते" एवढ्यावर भागायचं. मग नातवाला इंग्रजीच्या क्लासला सोडायला औरंगपुऱ्यात जाऊ लागले आणि बाहेरच्या बाकावर बसून खिडकीतून एक वाक्य फुकटात उचलून आले : "आय बेग टू डिफर." शब्द धरून चाललात तर वेगळं मत मांडण्याची भीक मागणं. पण ही भीक नव्हे, जुनी इंग्रजी अदब आहे. 'माफ करा, मला हे पटत नाही' एवढंच, तेही आवाज खाली ठेवून. काकांनी अदब क्लासातच ठेवली, वाक्य तेवढं घरी आणलं.

पहिला प्रयोग टपरीवर झाला. "आय बेग..." म्हणून काकांनी जरा दम घेतला, तेवढ्यात चहावाले चाचा म्हणाले, "अच्छा, बेग साब! बैठो, बैठो. बेगमपुरे के क्या?" गंगापूरहून आलेल्या एका पाहुण्याला फक्त 'आय' कळलं. "काय झालं यांच्या आयला?" त्यानं काळजीनं विचारलं.

तेव्हापासून रोज. बीबी का मकबरा औरंगजेबानं बांधला म्हणा, "आय बेग, मुलानं, आझमशहानं!" बरं, आझमशहानं म्हणा, "आय बेग, पैसा कुणाचा होता?" एकदा कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, मकबऱ्याचा खर्च गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिलाय. काकांनी लाखांना हात लावला नाही. सात आण्यांवर मात्र चहा गार होईस्तोवर भांडले. शहराला बावन्न दरवाजे, हेही त्यांना मान्य नाही. मोजलेत का, असं तेच आपल्याला विचारतात. फक्त "आज नळ येणार" यावर ते मतभेद नोंदवतात तेव्हा सगळे गप्प बसतात, कारण तिथं काका बहुतेकदा खरे ठरतात.

सरांनी शेवटी तह सुचवला. "काका, अग्री टू डिसअग्री. पटत नाही, यावरच एकमत करू." आणि गोष्ट सांगितली : जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोन इंग्रज धर्मोपदेशक वर्षानुवर्षं भांडले. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा त्याच्यासाठीच्या प्रवचनात वेस्लीनं हा शब्दप्रयोग केला.

काकांनी बशी खाली ठेवली.

"म्हणजे दुसरा मेल्यावर? मग सर, त्यात काय मजा!"

चाचांच्या उधारीच्या वहीत काकांच्या खात्यावर अजून 'बेग साब, हाफ चाय २' असं लिहिलेलं आहे. त्या नावाला काकांनी आजवर एकदाही हरकत घेतलेली नाही. उधारीच्या आकड्याला घेतली आहे.