बंगळूरची जहागीर

विजापूरच्या फौजांनी १६३८ च्या सुमारास बंगळूर जिंकले आणि आदिलशहाने ते शहाजीराजांना जहागिरीदाखल दिले, ही गोष्ट शाळेत मला कोणी शिकविल्याचे स्मरत नाही. परंतु त्या शहरातील एका संगणक-कंपनीत माझी नेमणूक झाल्याचे वर्तमान मिरजेच्या आमच्या घरी येऊन थडकले, तेव्हा आमच्या आजोबांनी ती अशा काही अभिमानाने सांगितली, की मी नोकरीस जात नसून वडिलोपार्जित मुलखाचा ताबा घेण्यास निघालो आहे, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समज व्हावा. "आपलीच जहागीर ती," ते म्हणाले, "कुणाला भ्यायचं कारण नाही." मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघालो आणि सकाळी बंगळुरास उतरलो. स्वागतास रिक्षावाले तेवढे आले होते.

ती जहागीर पुढे कशी गेली, हे आजोबांनी सांगितले नव्हते. ते मी मागाहून वाचले. शहाजीराजांमागून बंगळूर व्यंकोजीराजांकडे आले. त्यांचे चित्त तंजावराकडे लागलेले असल्यामुळे एवढे दूरचे ठाणे राखणे त्यांना परवडेना, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी त्यांनी तीन लाख रुपयांना सौदा चालविला. आणि तो पुरा होण्याच्या आतच, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान शहरात घुसला व त्यानेच ते वडियारांना तीन लाखांस देऊन टाकले. मालकाची बोलणी एकाशी चालू असता तिसऱ्यानेच मध्ये शिरून किल्ली हवाली करावी आणि रक्कमही आपल्याच खिशात घालावी, या विद्येचा त्या शहरातील उगम मला तरी येथेच दिसतो. आणि ती तेथे आजतागायत खंड न पडता चालू आहे, हे दलालास पंधरा दिवसांचे भाडे मोजून मी शिकलो आहे.

ज्या रकमेत त्या काळी किल्ला आणि पेठ यांसह अख्खे शहर हस्तांतरित झाले, त्या रकमेत आज इंदिरानगरात एका बऱ्यापैकी घराची नुसती अनामत भागली, तर भाडेकरूने देवापुढे नारळ फोडावा. दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची जी वहिवाट तेथे चालत आली आहे, तिच्यामागे असे गृहीत धरलेले दिसते, की ज्याच्याजवळ दहा महिन्यांचे भाडे साठले आहे त्याला घराची गरज आहे, आणि ज्याच्याजवळ ते नाही त्याला ती नाही. शिवाय घर सोडतेवेळी त्या अनामतीतून एक महिन्याचे भाडे रंगापोटी कापून घेतात. भिंतीस हात न लावता, किंबहुना घरी फक्त झोपण्यापुरते येऊन, मी त्या रंगाचे काय वाकडे केले, या प्रश्नाला दस्तऐवजात उत्तर नसते. कलम मात्र असते.

मला जागा मिळाली ती बी. टी. एम. लेआउटच्या दुसऱ्या स्टेजमध्ये. तेथील पत्ता म्हणजे भूमितीतील प्रमेय होय. अमुक मेन आणि तमुक क्रॉस यांचा छेदबिंदू काढला की घर हाती लागावे, अशी मूळ योजना; परंतु सातव्या मेननंतर आठवी येईलच अशी हमी कोणी देत नाही, मध्ये 'सातवी ए' उपटते, आणि दोन्ही रेषा जेथे एकमेकींस छेदावयास हव्यात तेथे नेमका गणपतीचा मांडव किंवा महापालिकेने खणलेला चर असतो.

घरमालक एका सरकारी घड्याळ-कारखान्यातून सेवानिवृत्त झालेले सद्गृहस्थ होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी १९८५ मध्ये बंगळुरात आली आणि तेथे नव्या युगाचा आरंभ झाला, असे आम्ही संगणकवाले समजतो. विमाने, टेलिफोन आणि घड्याळे करणारे एक शांत, शिस्तीचे, रात्री नऊला निजणारे शहर त्याच वर्षी बिघडावयास लागले, असे त्यांचे ठाम मत होते. नोकरी देताना कंपनीने मला एक काल्पनिक वृक्ष फळ्यावर उलटा करून दाखविण्यास सांगितले होते, आणि तो मी न घाबरता केला होता. परंतु मी शाकाहारी आहे काय, अविवाहित का आहे, मित्र येतात काय, मैत्रिणी येत नाहीत ना, आणि मला रोज स्नानास किती पाणी लागते, ही त्यांची प्रश्नावली ऐकताना माझ्या घशास कोरड पडली. सरतेशेवटी त्यांनी आपल्याच कारखान्याच्या घड्याळाकडे पाहून फर्माविले, "गेट रात्री दहाला बंद. कंपनी तुमची अमेरिकेच्या वेळेवर चालत असेल. गेट माझ्या वेळेवर चालतं."

आमची कंपनी कोथिंबीर पोहोचविते. कंपनीच्या भिंतीवर हे इतक्या उघडपणे लिहिलेले नाही. तेथे 'मानवी जीवनाची पुनर्रचना' वगैरे शब्द आहेत. पण तात्पर्य असे, की कोणा गृहिणीस पोह्यांवर भुरभुरण्यास कोथिंबीर नसल्याचे ऐन वेळी ध्यानात आले, तर ती दहा मिनिटांच्या आत तिच्या दारी हजर व्हावी, यासाठी आय. आय. टी.तून उत्तीर्ण झालेली प्रज्ञावंत माणसे मध्यरात्रीपर्यंत खपत असतात. या माणसांना स्वतःला कचेरीत पोहोचावयास दीड तास लागतो. माझे घर आणि बेळंदूरजवळचे आमचे दफ्तर यांत आठ-नऊ किलोमीटरांचे अंतर, आणि वाटेत सिल्क बोर्डचा चौक. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कचेरीवरून त्या चौकास हे नाव पडले. तुतीची पाने खाऊन रेशमाचा किडा स्वतःभोवती कोश विणतो आणि आत निपचित पडून राहतो, हे ज्ञान प्रसृत करणाऱ्या संस्थेच्या दारातच हजारो सुशिक्षित माणसांनी लोखंडी कोशांत निपचित पडून राहावे, यात नियतीची काही योजना असल्यास नकळे. २०२५ च्या ऑगस्टात मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, सिल्क बोर्डला स्थानकही झाले. ती माझ्या कचेरीकडे जात नाही, एवढीच काय ती तिच्यात उणीव.

बरे, कचेरीत जाऊन बसावे म्हटले, तर दिवसाचा प्रारंभ उभ्याने भरणाऱ्या सभेने होतो. बसले की माणसे फार बोलतात, असा या प्रथेमागचा सिद्धान्त आहे. उभी राहूनही ती तितकीच बोलतात, असा माझा अनुभव आहे. त्याआधीची न्याहारी दर्शिनीत, म्हणजे उभ्यानेच होते. (इडली, वडा आणि तांब्याच्या रंगाची ती फिल्टर कॉफी यांविषयी मात्र मी वावगा शब्द ऐकून घेणार नाही, एका पेयाचे दोन पेल्यांत 'बाय टू' वाटप करून मैत्री आणि काटकसर दोन्ही साधणारी ही प्रजा थोर आहे.) बसमध्येही उभेच राहावे लागते. घरून आईचा फोन येतो, आणि गर्दी फार आहे का, पाणी येते का, जेवतोस कुठे, या तिच्या सर्व प्रश्नांना, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर राहणारे समस्त बंगळूरकर जे उत्तर देतात तेच मीही देतो: "हवा छान आहे."

ती हवा २०२२ च्या सप्टेंबरात बिघडली. बंगळुरात जेथे आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे तेथे पूर्वी धर्मांबुधी तलाव होता, कंठीरव क्रीडागाराच्या जागी संपंगी तलाव होता. तलावांची वतने अशी खालसा करून त्यांवर सिमेंट ओतल्याचा कागद पाण्यापर्यंत पोहोचलेला नसावा, कारण पाऊस जोराचा झाला की ते आपल्या जुन्या हद्दीत येऊन उभे राहते. त्या साली आमच्या बाह्य वर्तुळमार्गावर ते असे काही उभे राहिले, की मोटारी तरंगू लागल्या आणि संगणकतज्ज्ञ ट्रॅक्टरांत बसून कामावर जाऊ लागले. मीही गेलो. माझ्या शिक्षणासाठी आजोबांनी आमचा ट्रॅक्टर विकला होता, म्हणून हे वृत्त त्यांना कोणत्या शब्दांत कळवावे, याचा मी बराच विचार केला. शेवटी सरळ सांगून टाकले. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "किती एच. पी.चा?"

घरमालकांचे आणि माझे संबंध पुढे सुधारले. मिरजेकडच्या माणसास चार शब्द कानडी येतेच, "ऊट आयता?" या त्यांच्या रोजच्या प्रश्नास मी "आयतु" म्हणत गेलो. एके रविवारी ते मला मल्लेश्वरातील काडु मल्लेश्वराच्या देवळात घेऊन गेले आणि हे व्यंकोजीराजांनी बांधविले, असे त्यांनी सांगितले. मला भरून आले. शहर गेले, पेठ गेली, निदान देऊळ तरी आपल्या नावावर राहिले, असे काहीसे मी बोललोही. त्यांनी पिंडीस नमस्कार केला आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून दहा टक्के वाढ. ॲग्रीमेंटमध्ये आहे." राजेही तेथे दुसऱ्याच्या मर्जीने राहिले, मीही राहिलो, त्यांच्या सनदेतही अशी काही कलमे असली पाहिजेत.

आता कंपनी मला हैदराबादेस धाडीत आहे. "काही हरकत नाही," आजोबा म्हणाले, "तिथं आपण चौथाई वसूल करायचो." तरी ज्या वाचकांचे चिरंजीव वा कन्या बंगळुरास निघाल्या असतील त्यांनी नोंद घ्यावी, की माझी जागा महिनाअखेर रिकामी होत आहे: अनामत दहा महिन्यांची, रंगाचा महिना निराळा, फाटक दहाला बंद, पाणी एक दिवसाआड. हवा छान आहे.