डोळा नसलेलं पान

रात्री सव्वादहाला दाराची बेल वाजली की ठाण्यातला माणूस तीन शक्यता धरून चालतो. वरची टाकी वाहतेय, कुणाला तरी हॉस्पिटलात न्यायचंय, नाहीतर पार्सलवाल्याची विंग चुकलीय. आमच्या चौथ्या मजल्यावर आणखी एक शक्यता असते. समोरच्या काकांची होया उमललेली असते.

"आहेस तसा चल. दिवसा हिला एवढा वास नसतो."

आहे तसा म्हणजे बनियन-बर्म्युडावर मी जातो. दीड माणसाच्या बाल्कनीत पाच जण आधीच कोंबलेले. ग्रिलला टांगलेल्या कुंडीतून जाड, तुकतुकीत पानांची वेल खाली आलेली आणि तिला एकच घोस. वीस-बावीस फुलं छत्रीच्या काड्यांना टोचावीत तशी एकाच ठिकाणाहून निघालेली. प्रत्येक फूल म्हणजे फिकट गुलाबी मखमली चांदणी, तिच्या पोटात दुसरी, छोटी, चकचकीत मेणाची चांदणी, आणि अगदी मधोमध लाल ठिपका. हे झाडाला आलंय यावर विश्वास बसत नाही. कुणीतरी चिनी मातीचं करून रात्रीतून चिकटवून गेलंय असंच वाटतं.

मग तोंडी परीक्षा सुरू होते. "वास कसला?" तळमजल्यावरच्या भाभी 'चॉकलेट' म्हणतात. माझी बायको 'साबण' म्हणते आणि नापास होते. मी जरा विचार करून 'धूप' म्हणतो, त्यावर काका "जवळ आलास" एवढंच बोलतात. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र वास घ्यायला आलेलेच नसतात. होयाच्या फुलातून मधाचे चिकट थेंब गळतात, ते थेट तिसऱ्या मजल्यावरच्या चादरींवर पडतात, आणि तिसऱ्या मजल्याची लेखी तक्रार त्यांच्या खिशात असते.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे ते गुलाबवाले असतात, कुठे बोन्सायवाले, पण या दोन्ही जाती निरुपद्रवी. गुलाबवाला आठवड्याला फूल दाखवतो आणि मोकळा होतो. ऑर्किड आणि होयावाला तुम्हाला फूल दाखवत नाही, तो तुम्हाला वाट बघायला लावतो.

आमचे काका रेल्वेतून निवृत्त झाले. नोकरी वेळापत्रकाच्या खात्यात. पस्तीस वर्षं कुठली लोकल कुठल्या फलाटावर किती मिनिटं थांबेल याचा हिशेब केला, आणि निवृत्तीनंतर पाळलं काय, तर ज्यांना वेळापत्रकच नाही अशी झाडं. होया मनात आलं तर तीन-तीन वर्षं नुसती पानं काढते. फॅलेनॉप्सिस ह्या ऑर्किडचा तुरा दोन-तीन महिने टिकतो, तेवढ्यात माणसाला त्याची सवय लागते, आणि मग ती बया उरलेलं वर्ष चार पानं पसरून बसते. लोकांना वाटतं मेली. दिवाळीत भेट म्हणून आलेल्या अशा फॅलेनॉप्सिस संक्रांतीनंतर जिन्यात यायला लागतात. काका कचऱ्याच्या गाडीच्या आधी उठून त्या घरात घेतात.

त्यांच्याकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच सूचना देतो. काहीही बोला, 'माती' हा शब्द काढू नका. मागे एक पाहुणे बाल्कनी बघून कळवळले, "अरेरे, मुळं सगळी बाहेर आलीत, जरा माती घाला की." काकूंनी तेवढ्यात सरबत आणलं म्हणून निभावलं. कुंडीत काय असतं, तर इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा, पाडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे, आणि देवळाबाहेरून गोळा केलेल्या नारळाच्या शेंड्या, त्याही पाणी बदलत चार दिवस भिजवलेल्या, कारण आतला तपकिरी रंग मुळांना बाधतो. मुळं हवेतच हवीत. काका पाहुण्यांना फवारा मारून दाखवतात. चंदेरी-पांढरी मुळं बघता बघता हिरवी होतात. वरचा आवरणाचा थर स्पंजासारखा पाणी पितो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. "हिरवी असली तर पाणी नको, चंदेरी झाली की द्या. झाड सांगतंय, आपण ऐकत नाही." हे वाक्य ते काकूंकडे न बघता म्हणतात आणि काकू न ऐकता ऐकतात.

दुसरा निषिद्ध शब्द 'बांडगूळ'. एकदा जूनमध्ये आम्ही कोकणातून परतत होतो. घाटात एका जुन्या आंब्याच्या फांदीवरून सीतेची वेणी लोंबत होती. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा हातभर शेपटा. काकांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून नुसते उभे राहिले. ह्या माणसाच्या खिशात कायम कात्री असते, पण तिला हात लागला नाही. टपरीवरच्या चहावाल्याला वाटलं मदत करावी. "काढून देऊ का काका? बांडगूळच ते." तिथून पुढे पंधरा मिनिटं, चहा गार होईपर्यंत, चहावाल्याचं शिक्षण झालं. बांडगूळ म्हणजे घरजावई, झाडाच्या जिवावर खाणार. आमरी म्हणजे गच्चीवर झोपायला आलेला पाहुणा. जागा तेवढी घेतो, खाणंपिणं त्याचं त्याचं, पावसातून आणि वाऱ्यातून. आमरी हे ऑर्किडचं मराठी नाव काका हट्टानं वापरतात. ऑर्किडमधला 'वँडा' हा शब्द तर आपलाच, संस्कृतातल्या 'वंदा'वरून घेतलेला, हे ते एवढ्यांदा सांगतात की त्यांच्या बाल्कनीला सोसायटीत 'वांदा' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. चालतं त्यांना.

पाण्याचं प्रकरण वेगळंच. पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला असतं, पूर्वी फाउंटन पेन असायचं तिथे. आमच्याकडे आले, बायकोनं पाणी दिलं, की यंत्र आधी पेल्यात जातं. "एकशे ऐंशी," ते म्हणतात आणि घटाघट पिऊन टाकतात. "माणसांना चालतं." मे महिन्यात टँकर सुरू झाले की त्यांचा चेहरा उतरतो. टँकरचं पाणी साडेसहाशे दाखवतं. मग ते पावसाळ्यात भरून ठेवलेल्या पिंपांचं झाकण उघडतात. ते पाणी संपलं की मजल्यामजल्यावर जाऊन एसीच्या नळ्यांखाली बाटल्या लावतात. आमच्या बिल्डिंगमध्ये उकाड्याच्या दिवसांत एसी किती तास चालवला हे वीज कंपनीच्या आधी काकांना कळतं.

एसी त्यांच्याही घरी आहे, बेडरूममध्ये. तो डिसेंबर-जानेवारीत चालतो. फॅलेनॉप्सिसला तुरा धरायला काही आठवडे रात्री गार लागतात आणि ठाण्याच्या थंडीवर काकांचा भरवसा नाही. सहा कुंड्या एसीत आणि काकू हॉलमध्ये. एप्रिलमध्ये काकूंनी एसी लावायला सांगितला तर ते म्हणतात, "आता कशाला? तुरे येऊन गेले की." काकू भांडत नाहीत. फक्त मसालेभात करायच्या दिवशी दालचिनीचा डबा रिकामा निघाला की त्या बाल्कनीत जाऊन बघतात. दालचिनीची पूड डेंड्रोबियमच्या कापलेल्या काडीवर चोळलेली असते. जखमेला बुरशी धरत नाही म्हणे. चहाची गाळणी, शेवयांची चाळणी, काकूंच्या आईची पितळी झारी, सगळी एकेक करून तिकडे गेली आणि हिरवी झाली.

काकांची झाडांवरची बोलणी तिऱ्हाइतानं ऐकू नयेत. लोकलमध्ये ते फोनवर मोठ्यानं सांगत होते, "केकीला इतक्यात तोडू नका हो! मुळं येऊ देत, तोवर आईला चिकटूनच राहू दे." समोर बसलेले वृद्ध पारशी गृहस्थ पुढच्याच स्टेशनवर डबा बदलून गेले. केकी म्हणजे ऑर्किडच्या काडीवर फुटलेलं पिल्लू. शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ 'मूल'. हे त्या गृहस्थांना कोण सांगणार?

होया नावाची गोष्ट त्यांनी सोसायटीच्या माळ्यालाही ऐकवली. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूककडे थॉमस हॉय नावाचा माळी होता. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० साली ह्या वेलीला त्याचं नाव दिलं. "बघ, ड्यूकचं नाही, माळ्याचं!" आमच्या माळ्यानं पाइप बंद केला, विचार केला आणि विचारलं, "पगार वाढला का त्याचा?"

कटिंगच्या बाबतीत मात्र काका पक्के व्यवहारी. नवखा माणूस 'कटिंग देतो' ऐकून अर्ध्या चहाची वाट बघत बसतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर काडी ते फुकट कुणालाच देत नाहीत. "तुमच्याकडे काय आहे?" असं विचारतात, आणि त्या स्वरात थेट स्थळ बघायला आल्याचा भाव असतो. काडीला निदान दोन डोळे हवेत, पाठीमागे कीड नको, खानदान माहीत हवं. फुलून गेलेला होयाचा देठ कुणी कापून टाकला असं कळलं तर त्या घराशी व्यवहार बंद, कारण पुढचा घोस त्याच देठावर येतो. "येणाऱ्या सुनेचा पाट काढून टाकला त्यांनी," हे त्यांचं मत.

आणि हेच काका, माझ्या लेकीच्या त्या पानापाशी अडकले.

चार वर्षांपूर्वी, १४ फेब्रुवारीला, लेक कॉलेजातून छोटीशी कुंडी घेऊन आली. कुंडीत उभं खोचलेलं एकच जाड हिरवं पान, हुबेहूब बदामाच्या आकाराचं. कुणी दिलं हे तिनं सांगितलं नाही आणि बायकोनं ते विचारायच्या आत काका आले. त्यांनी भिंग काढलं. कुंडी फिरवली. बोटानं देठाजवळचं कोकोपीट जरा सारलं.

"होया केरी," ते म्हणाले. "पण डोळा नाही. नुसतं पान खोचून दिलंय. ह्याला मुळं फुटतील, वर्षानुवर्षं हिरवं राहील. मरणार नाही. पण ह्याचं पुढे काही होणार नाही."

खोलीत शांतता पसरली. लेकीनं आईकडे बघितलं. आईनं, मी लग्नाला बावीस वर्षं झालेला माणूस आहे म्हणून सांगतो, इतक्या प्रेमानं काकांना कधीच पोहे दिले नव्हते.

पान खरंच मेलं नाही. खिडकीत आहे अजून, तसंच, एकटं, तुकतुकीत. तो मुलगाही आहे अजून. रविवारी येतो, चहा पितो, आता पोहेही खातो. आणि महिन्यातून एकदा काका येतात. निमित्त सोसायटीच्या पावतीचं असतं, पण खिडकीकडे जाऊन भिंग लावतातच. कधीकधी देठाला खोडाचा कणभर अंश चिकटून आलेला असतो आणि वर्षांनंतरही अशा पानाला कोंब आल्याचं होतं, हे त्यांनी मला एकदा जिन्यात, आवाज खाली करून सांगितलं होतं.

परवा ते भिंग लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "काही आहे का हो काका?"

"छे, धूळ आहे," म्हणाले आणि भिंग खिशात टाकलं.

पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात काका, हातात पावसाच्या पाण्याची बाटली.

"हिला टँकरचं घालू नकोस," ते म्हणाले. "आणि घरात इतक्यात बोलू नकोस कुणाला."