कधीपर्यंत मेलेलं चालेल?

सात रस्ता चौकात उभं राहून पत्ता विचारावा आणि एकाच माणसाकडून उत्तर घेऊन निघावं, असं सोलापुरात होत नाही. पानटपरीवाला एक रस्ता दाखवतो, रिक्षावाला दुसरा, आणि बाजूला चहा पीत उभा असलेला तिसराच कुणीतरी "तिकडनं कशाला, हिकडनं जावा की" म्हणून आपल्याला खांद्याला धरून वळवतो. रस्ते सातच आहेत, मतं त्याहून जास्त. याच चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर, आणि त्या घरात बसून मला टर्म इन्शुरन्सची मुदत ठरवायची होती.

रकमेचं लवकर आटोपलं. एक कोटी म्हटल्यावर छाती भरून आली. घरात माझा इतका भाव याआधी कधीच फुटला नव्हता. अडलं ते पुढच्या चौकटीत. एजंटने टॅबवर बोट ठेवून विचारलं, "सर, कव्हर कितव्या वर्षापर्यंत ठेवू? साठ, सत्तर, पंच्याऐंशी?" म्हणजे मी कितव्या वर्षापर्यंत मेलेलं घरच्यांना परवडणार नाही आणि त्यानंतर मेलो तरी चालेल, हे अडतिसाव्या वर्षी, हातात चहाची बशी धरून, आईसमोर सांगायचं.

आतून आई कडाडलीच. "तिन्हीसांजेचं काय अभद्र बोलताय? वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." एजंटने टॅब पालथा घातला आणि बिस्किट उचललं.

आईचं चुकत नव्हतं. आमच्या घरात विमा म्हणजे परत येणारा पैसा. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना सरकारने देशातल्या २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या ताब्यात घेतल्या, त्यांतून त्याच वर्षी एलआयसी उभी राहिली, आणि वडिलांच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन तिचे हप्ते भरले. वडिलांची पॉलिसी पिकली, बोनससकट पैसे आले, त्यात ताईचं लग्न उरकलं. माणूस जिवंत राहिला म्हणून त्या विम्यात कुणाचं काही बुडत नसे. टर्मचं तसं नाही. मुदत संपली आणि आपण धडधाकट असलो तर हाती काही नाही.

हे ऐकून लोडाला टेकलेला मामा सरळ झाला. "म्हंजे मेला नाहीस तर पैसे बुडाले म्हण की बे!"

मग त्यानेच तोडगा काढला. अडुसष्ट. "सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं उगंच स्थापली का? आकडा ठरलेलाय." बाराव्या शतकातल्या या महापुरुषाने सोलापूरसाठी तलाव खोदला हे शाळेत शिकलो होतो, माझ्या पॉलिसीचीही सोय लावून ठेवली होती हे नव्याने कळलं. हप्ते कसे भरू, हे मी मामाला विचारलं नाही. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज सात असतात, त्याने सातच्या पटीत भरायला लावले असते.

ऑफिसातली मंडळी जास्त व्यवहारी. त्यांचं एकमत पंच्याऐंशीवर. जमलं तर नव्व्याण्णव. "तोपर्यंत जातोच की माणूस. पैसे वसूल!" स्वतःच्या मरणात वसुली शोधणाऱ्या या लोकांबद्दल मला आदर वाटला आणि घरी येऊन मी ऐटीत पंच्याऐंशी जाहीर केलं.

बायको पतसंस्थेत कॅशला बसते. तिने लाइटबिल उलटं केलं आणि पेन काढलं.

"हप्ता जवळजवळ दुप्पट. बरं. तुम्ही पंच्याऐंशी, मी त्र्याऐंशी. कोटी रुपये घेऊन मी काय करू, कवळी सोन्याची करू?"

"मुलीला होतील."

"ती तेव्हा चोपन्न वर्षांची असेल. चोपन्न वर्षांच्या अनाथ मुलीसाठी आत्तापासून हप्ते?" मुलगी शेजारी सातचा पाढा घोकत होती, तिने दचकून वर बघितलं. "आणि कोटी तरी कुठले? महागाई वर्षाला ६ टक्के धरा. ४७ वर्षांनंतरचे कोटी म्हणजे आजचे साडेसहा लाखसुद्धा नाहीत. तेवढ्यात आत्ता आपल्या जिन्याचं काम होतंय."

जिन्याचा विषय निघाला की मी गप्प बसतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. गृहकर्जाची १७ वर्षं उरलीत, तेवढीच मुदत घेऊ, हप्ताही कमी बसेल. यावर पुन्हा आलेल्या एजंटनेच तोंड उघडलं, आणि मान्य करायला हवं, पोरगं खरं बोललं. लांब मुदतीची पॉलिसी मध्येच नकोशी झाली तर हप्ता थांबवायचा, विषय संपला. आखूड घेतलेली मात्र नंतर ओढून लांब करता येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी नवी मागायला जावं तर वयामुळे हप्ता कडाडलेला, आणि तोवर साखर निघाली असेल तर कंपनी दारातूनच हात जोडते. शाळेचा गणवेश घेताना आई खाली चार बोटं दुमड सोडायला लावायची, तेच हे. सोडलेली दुमड उसवता येते, नसलेली कुठून आणणार?

बायकोने लाइटबिलावर तीन आकडे एकाखाली एक मांडले. कर्ज फिटेल तेव्हा मी ५५. नोकरी संपेल तेव्हा ५८. पोरगी पायावर उभी राहायला सव्वीस-सत्तावीस धरली तर पुन्हा ५८. वर दोन वर्षं दुमड. साठ. माझ्या पगारावर कोण किती दिवस जेवणार, एवढंच तिने मोजलं. मी किती दिवस जगणार हा प्रश्न तिला पडलाच नाही, याचं मला थोडं लागलं.

"आणि साठनंतर पैसे बुडाले त्याचं?" मामा अजून तिथेच होता.

"मामा, हे जिवंत असतील ना तेव्हा. मग बुडाले कसे?"

मामाने यावर खूप विचार केला. त्याला ते पटलं नाही.

पुढची कामं भराभर झाली. तंबाखू खाता का, या प्रश्नाला मी दाराकडे बघून खरं उत्तर दिलं, हप्ता तिथेच वर सरकला. पॉलिसी १८७४ च्या एका कायद्याखाली घेतली तर त्या पैशाला सावकार आणि भाऊबंद हात लावू शकत नाहीत, ते बायकोमुलांचेच, असं एजंट म्हणाला. बायकोने त्या चौकटीत खूण स्वतःच्या बोटाने केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा मरणावरचा कर माफ झाल्याबद्दल मामाने सरकारचे आभार मानले.

सह्या झाल्या. एजंटने टॅब बॅगेत ठेवला, पुन्हा काढला आणि आवाज बदलून म्हणाला, "सर, लवकर काही झालं तर काय, याची सोय झाली. आता उलटं बघू. साठनंतर तुम्ही वीस, पंचवीस, तीस वर्षं जगलात तर? पगार बंद, आणि तुम्ही आपले जगताय. केवढी मोठी रिस्क आहे! त्यासाठी आपल्याकडे पेन्शनचा प्लॅन आहे. जगाल तोपर्यंत दरमहा पैसे."

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट बघितलं.

"बस रे बाळ," ती म्हणाली, "अजून अर्धा कप टाकते."