पुडीवाले भाऊ, त्या पुडीत काय होतं?

पुडीवाले भाऊ,

वर नमस्कार लिहिलेला नाही. आत्याचा सुजलेला चेहरा डोळ्यांसमोर असताना तो हातून उतरला नाही.

तुम्ही मला ओळखणार नाही, मी मात्र तुम्हाला पक्कं ओळखते. नवापूरच्या आठवडे बाजारात मिरची-लसणाच्या ओळीच्या टोकाला लाल प्लास्टिक अंथरून तुम्ही बसता. पुढे मुळ्या, साली, वाळलेल्या शेंगा मांडलेल्या असतात. पाठीमागे पत्र्याचा डबा. गिऱ्हाईक आलं की पुढच्या एकाही मुळीला तुमचा हात लागत नाही, माल निघतो तो डब्यातून. सलग तीन बाजार उभी राहून मी हे पाहिलं आहे. वर्तमानपत्राच्या कागदात चमचाभर काळपट पूड, वर दोन घड्या, वीस रुपये आणि तुमचं ठरलेलं बोलणं: सगळं जंगलातलं आहे, अपाय काही नाही.

आत्याने पहिली पुडी मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर घेतली. ऊसतोडीसाठी बारडोलीकडे निघायचं होतं, थंडीने गुडघे आखडले होते, खोकला रात्रभर झोपू देत नव्हता. तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे झाले, खोकला बसला, दोन भाकरी जास्त जाऊ लागल्या. तिने तुम्हाला तोंडभरून दुवा दिला आणि जाताना गाठोड्यात पुड्यांची चळत बांधून नेली. कोण कधी तोडीला जाणार आणि किती महिने परतणार नाही, याचा हिशोब तुमच्याकडे मुकादमासारखा चोख असतो. त्या हिशोबानेच तुम्ही पुड्या मोजून देता.

यंदा जानेवारीत पुड्या फडावरच संपल्या. चौथ्या दिवशी आत्याला उठवेना. उलट्या, अंधारी, अंगात काडीचं बळ नाही. नवापूरला आणली तेव्हा डॉक्टरांनी आधी तिचा चेहरा पाहिला, गरगरीत गोल झालेला. मग काड्यांसारखे हात, दंडावर जागोजाग निळे डाग, पोटावर जांभळे ओरखडे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्टिरॉइड कोण देतंय यांना?" आत्याने कनवटीची शेवटची रिकामी पुडी काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त घेतलं. कॉर्टिसॉल तळाला गेलेलं.

तुम्हाला हे माहीत नसेल असं मी मानत नाही, तरी लिहिते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनची गोळी कुटून पुडीत घातली की सूज उतरते, दुखणं थांबतं, भूक लागते. डॉक्टर हीच औषधं देतात, पण मोजून, तारीख घालून आणि कमी करत आणून. महिनोन्महिने ती बाहेरून मिळत राहिली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग एक दिवस पुडी थांबते आणि शरीराकडे स्वतःचं असं काही उरलेलं नसतं. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, ते वेगळंच. शिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेला खोकला म्हणजे बेडका तपासायला हवा. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. तुमच्या पुडीने खोकला झाकला. आत क्षय असेल तर त्याला तुम्ही वर्षभर अंधार पुरवला, आणि प्रतिकारही उतरवून ठेवला.

माझा राग मात्र आणखी एका गोष्टीचा आहे. "जंगलातलं" या ज्या नावाने तुम्ही विकता, ते नाव आमच्या घरचं आहे.

माझी आजी बांधावरच्या अडुळशाची पिकली पानं आणायची. हिरवी नाही, पिवळसर झालेली. तव्यावर ती नरम करायची, गरम असतानाच फडक्यात घालून पिळायची. रस जेमतेम दोन चमचे निघायचा, काळसर हिरवा आणि इतका कडू की जीभ आत ओढली जायची. त्यात मध आणि चिमूटभर पिंपळी. दिवसातून दोन वेळा, तीन दिवस. चौथ्या दिवशीही छाती घरघरली तर "आता हे माझ्या हातचं नाही" म्हणून स्वतः दवाखान्यात घेऊन जायची. गर्भार बाईला अडुळसा द्यायची नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायची नाही. नाक चोंदलं की तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी, घसा धरला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, टाचा फुटल्या की मोहाच्या बियांचं तेल कोमट करून. यातलं काहीही डब्यात दडवलेलं नव्हतं. काय आहे, किती द्यायचं आणि कुठे थांबायचं, तिन्ही गोष्टी ती सांगायची.

थोरल्या शास्त्रातही तीच शिस्त आहे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. कुणीही मोजून पाहावं. अडुळशातल्या व्हॅसिसिनचा अभ्यास करूनच पुढे ब्रोमहेक्सिन बनलं, आणि ते आज कफाच्या कितीतरी बाटल्यांवर छापलेलं असतं. म्हणजे आजीचं झुडूप प्रयोगशाळेत गेलं, तपासलं गेलं आणि टिकलं. तुमची पुडी एकदा तरी तिथे पाठवा. 2006 मध्ये इथे कोंबड्या मरू लागल्या तेव्हा नमुने थेट भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. या गावाने कोंबडीच्या आजाराचा तपास इतका लांबवर जाताना पाहिला आहे, मग माझ्या आत्याच्या पोटात जाणाऱ्या पुडीचा का नको?

नवापूर स्टेशनचं ते बाकडं तुम्हीही पाहिलं असेल, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि दोन्हीकडे आपापल्या राज्याचं नाव रंगवलेलं. तुमच्या पुडीवर यातलं कुठलंच नाव नाही. आयुर्वेदिक औषध बनवून विकायचं तर परवाना लागतो, वेष्टनावर परवाना क्रमांक, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता लागतो. तुमच्या कागदावर मला परवाच्या सोन्याच्या भावाचा अर्धा रकाना सापडला.

आणि सिकलसेल. आपल्या पट्ट्यात किती पाड्यांवर हा आजार आहे, हे तुम्ही पाड्यापाड्यांवर फिरता म्हणून तुम्हाला दिसतं. थंडी पडली की या पोरांची हाडं ठणकतात, आकार बदललेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांना ऊब, भरपूर पाणी आणि दवाखाना लागतो. त्यांची आई तुमच्याकडे "वाताची पुडी" मागते. स्टिरॉइडने ठणका दबतो आणि पुडी थांबली की दुप्पट जोराने उसळू शकतो. मागच्या बाजारात माझ्यासमोर एका बाईने सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी पुडी मागितली. तुम्ही मुलीकडे मान वर करून पाहिलंही नाही, अर्धा चमचा कमी घातला, तेवढंच. मी त्या बाईला बाजूला घेऊन बोलले. ती दवाखान्यात गेली की तुमच्याकडे परत आली, ते तुम्हालाच माहीत.

आत्या आता अंथरुणातून उठून बसते. तिचं स्टिरॉइड डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत, एकदम बंद करता येत नाही. बेडका तपासायला दिला आहे. तिच्या कागदावर डॉक्टरांनी एक ओळ कोरी ठेवली आहे: औषधाचं नाव, रोज किती मिलिग्रॅम, किती दिवस. दिवस मी भरले, साधारण चारशे. बाकीच्या दोन जागा तुमच्याखेरीज कुणाला भरता येणार नाहीत. येत्या बाजारी मी तो कागद घेऊन मिरचीच्या ओळीच्या टोकाशी येते. पेन माझ्याकडे आहे.

तुमच्या गिऱ्हाइकाची भाची
नवापूर