भारदस्त इंग्रजी शब्दसंपादनाची राजरोस पद्धती

ज्या गृहस्थास पोटापुरते इंग्रजी येते, टपालकचेरीत अथवा बँकेत ज्याचे सहसा काही अडत नाही, आणि तरीही चारचौघांत कोणी ‘युबिक्विटस’ हा शब्द सहजगत्या टाकला असता ज्याच्या मुखावर सर्वज्ञ स्मित व अंतःकरणात धास्ती अशा दोन्ही गोष्टी एकाच क्षणी उत्पन्न होतात, त्याच्या उपयोगासाठी प्रस्तुत मार्गदर्शन योजिले आहे. अवघड शब्दांविषयी सोप्या शब्दांत लिहिणे हा विषयाचा उपमर्द होय. सबब भाषा मधूनमधून जड झाल्यास वाचकांनी तो सरावाचाच भाग समजावा.

साधकाने प्रथम आपला न्यूनगंड बेमुदत तहकूब करावा. हे शब्द खुद्द इंग्रजांनाही येत नव्हते, याला दफ्तरी पुरावा आहे. रॉबर्ट कॉड्री नामक एका शिक्षकाने १६०४ साली प्रसिद्ध केलेला जो ग्रंथ इंग्रजीतला पहिला इंग्रजी कोश मानला जातो, त्यात सुमारे २५०० शब्द असून ते अवघड म्हणूनच वेचून घेतलेले होते. आणि कुलीन स्त्रिया व इतर अकुशल मंडळी यांच्या सोयीसाठी हा खटाटोप आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच नमूद करून टाकले होते. तेव्हा आपण त्या ‘इतर अकुशल मंडळीं’त सामील होत आहोत एवढेच, परंपरा जुनी आहे.

यानंतर ग्रंथनिवड. मोल्सवर्थसाहेबाचा १८३१ सालचा कोश थोर खरा, पण तो मराठीवरून इंग्रजीकडे जातो, आणि आपला ओघ तूर्त उलट दिशेचा आहे. मेजर कँडीचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश दिशेने योग्य असला, तरी त्यात एक धोका संभवतो: तो अर्थ सांगतो. ‘पर्निशस’ म्हणजे ‘घातक’ एवढेच, हे एकदा कळले की त्या शब्दाविषयीचा निम्मा आदर तत्काळ ओसरतो, आणि नवशिक्याला हे नुकसान परवडण्याजोगे नसते.

म्हणून बहुतेक साधक नॉर्मन लुइस यांच्या १९४९ साली निघालेल्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ या पुस्तकाला शरण जातात, व ते योग्यच करतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईस फोर्टातील पदपथावर त्याची जुनी प्रत हाती घेऊन पाहावी. आरंभीची पाने अंगठ्याच्या मळाने तेलकट, समासात शिसपेन्सिलीची आडवी-उभी दाटी, एकेका शब्दाखाली दोन-दोन रेघा. पुढे रेघा विरळ होत जातात, वैद्यांच्या प्रकरणात, म्हणजे नेत्रतज्ज्ञ आणि त्वचातज्ज्ञ यांची ग्रीक नावे येतात तेथे, शेवटची एक फिकट खूण दिसते, आणि त्यापुढील शेकडो पाने छापखान्यातून आली तेव्हाइतकीच सोवळी राहिलेली असतात. नव्या साधकाने अशीच प्रत घ्यावी. स्वस्त पडते, आणि कोठवर जावयाचे ते आधीच कळते.

वस्तुतः वैद्यांच्या आधीचे एकच प्रकरण पुरे आहे. त्यात मनुष्यस्वभावाचे प्रकार असून, द्वेषवाचक ‘मिस’ हा ग्रीक धातू पुढे जोडताच मनुष्यमात्राचा द्वेष करणारा ‘मिसँथ्रोप’, स्त्रीद्वेष्टा ‘मिसॉजिनिस्ट’ आणि विवाहाचे नाव काढताच बिथरणारा ‘मिसॉगमिस्ट’ असे तीन इसम एका झटक्यात हाती लागतात. यासाठी वही आखून घ्यावी. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, आणि तिसऱ्यात, ज्याची शिफारस कोणताच पाठ्यग्रंथ करीत नाही, ‘कोणावर वापरावयाचा’ याची नोंद. गणेशोत्सवाची वर्गणी टाळणारे शेजारी, तिशी उलटूनही मुली पाहण्यास नकार देणारा आतेभाऊ, यांच्या नावांनी हा रकाना आठवडाभरात भरून जातो, आणि असा शब्द मग जन्मात विसरत नाही.

उच्चाराचे प्रकरण मात्र नाजूक आहे. लिहिले तसे वाचावे या बाळबोध संस्कारात आपण वाढलो असल्यामुळे ‘हायपर्बली’चे ‘हायपरबोल’ आणि ‘इपिटमी’चे ‘एपिटोम’ होणे क्रमप्राप्त आहे. यावर उपाय एकच: उच्चार इतक्या निर्धाराने करावा की ऐकणाराच रात्री गुपचूप कोश उघडून स्वतःच्या उच्चाराची रुजवात घालील. अर्थाची गल्लत झाली तरी घाबरू नये. शेरिडन याच्या १७७५ सालच्या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप या बाईंनी ‘ॲलिगेटर’ म्हणावयाचे तेथे ‘ॲलेगरी’ म्हटले, त्याचा परिणाम काय झाला? त्यांचेच नाव कोशात गेले. बिनचूक बोलणाऱ्या किती जणांना हा मान मिळतो?

उरला प्रत्यक्ष विनियोग. नवा शब्द घरी वापरू नये. तेथे त्याचा अर्थ विचारला जातो. भाजीबाजारही वर्ज्य. सर्वोत्तम स्थळ म्हणजे रजेचा अर्ज. ‘ताप आल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी’ हा मजकूर कोणताही उमेदवार कारकून खरडतो; व्युत्पन्न कारकून मात्र तापाचे ‘पायरेक्सिया’, अशक्तपणाचे ‘डेबिलिटी’ आणि साहेबांच्या कृपेचे ‘मॅग्नॅनिमिटी’ करून दीड ताव भरतो, आणि या संभारात दोन दिवस कोणते ते लिहावयाचे राहून जाते. मग अर्ज बारनिशीतून फिरत फिरत परत येतो व त्यावर तांबड्या शाईत साहेबांचा शेरा असतो: ‘आजारी कोण व रजा कोणास, याचा खुलासा व्हावा.’

अशा शेऱ्याने साधकाने खचू नये. खुलासा त्याच दिवशी लेखी सादर करावा, आणि त्यात मूळ अर्जातील एकही भारी शब्द पुन्हा येऊ देऊ नये. पुनरुक्ती हा शैलीचा दोष आहे, आणि वहीतले पुष्कळ शब्द अद्याप वापरावयाचे आहेत.