०.०६ हर्ट्झचा आक्षेप

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणाच्या घरी दुसरा मॉनिटर आला की पहिल्या संध्याकाळी त्याला कुंकू लागतं आणि दुसऱ्या संध्याकाळी एजीवाले काका येतात.

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ असली तरी महालेखाकारांचं कार्यालय ग्वाल्हेरलाच आहे. त्यामुळे इथल्या मराठी कुटुंबांत ‘एजी ऑफिस’मधून निवृत्त झालेला एखादा काका हमखास सापडतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर झालं. आपले पूर्वज त्या छावणीत हिशेब लिहायला होते, असं यातला प्रत्येक काका सांगतो. सगळेच हिशेब लिहीत होते तर लढत कोण होतं, हे विचारायचं नसतं.

निवृत्तीनंतर सरकारचे हिशेब तपासायला मिळत नाहीत, म्हणून काका लोकांचे कॉम्प्युटर तपासतात. तक्रार बहुधा एकच असते. मुलाने हौसेने १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, जुना ६० चा शेजारी ठेवला, आणि आता नवाही जुन्यासारखाच अडखळतो. मुलगा म्हणतो, रीस्टार्ट करून बघू. काका दचकतात. रीस्टार्ट म्हणजे पुरावा नष्ट करणं!

“बेटा, आधी बिल दाखव.”

बिलावर १४४. सेटिंगमध्ये ६०.

“म्हणजे मंजूर एकशे चव्वेचाळीस, खर्ची पडले साठ. मधले चौऱ्याऐंशी कुठे गेले?”

मुलगा उगाच खिसे चाचपतो.

काकांचं ज्ञान कच्चं नाही, हे मान्य केलं पाहिजे. विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये दोन्ही पडदे वेगवेगळे निवडून प्रत्येकाचा रिफ्रेश रेट ठरवावा लागतो. लोक एकाचा बदलतात आणि दोन्ही झाले समजून उठतात. ‘डुप्लिकेट’वर ठेवलं तर दोघांना झेपेल तोच वेग मिळतो, म्हणजे नव्याला जुन्याच्या चालीने चालावं लागतं; तिथे ‘एक्स्टेंड’ हवं. आणि महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन केबल मात्र मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खुपसलेली आढळली, की काकांच्या चेहऱ्यावर मोठा घोटाळा हाती लागल्याचं समाधान दिसतं. मग ते माउस गोल गोल फिरवायला लावतात. ६० वर चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर सातच्या आत. “आता बाण तुटतो का बघ.” बाण तुटत नाही.

दुसरा कुणी इथे चहा पिऊन उठला असता. काकांची नजर जुन्या मॉनिटरकडे जाते. तिथे लिहिलेलं असतं, ५९.९४.

“साठातले शून्य पॉइंट शून्य सहा कोणी खाल्ले?”

हे प्रकरण त्यांनी मुळापर्यंत नेलेलं आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरलं. रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात घुसून चित्र बिघडवू नये म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी ६० चा वेग हजारात जेमतेम एक भागाने उतरवला, आणि तो आकडा अजून मॉनिटरांच्या यादीत भटकतो आहे. चित्राला त्याने काही होत नाही. काकांना होतं. रक्कम अल्प, जबाबदार माणसं परदेशी, वसुली अशक्य, असा शेरा त्यांनी मारला आहे खरा. तरी कुणाचा मुलगा न्यू जर्सीत आहे असं कळलं की “त्याला तिकडे जरा विचारायला सांग” म्हणतातच.

त्यांच्या स्वतःच्या घरी जाड पोटाचा जुना मॉनिटर आहे, एकच. तो ८५ वर चालतो. “तुमच्या नव्या साठवाल्यापेक्षा पंचवीस जास्त,” असं ते ऐकवतात, आणि आकड्यापुरतं ते खरंही आहे.

फी विचारली तर रागावतात. थंडीत गजक चालतो. तानसेन समारोहाच्या दिवसांत मात्र त्यांना बोलवू नये. तेव्हा ते गवयांच्या मात्रा मोजत असतात.

जाताना ते एक गोष्ट नेतात: जुनी एचडीएमआय केबल. १४४ निवडताच पडदा काळा पडला तर दोषी तीच, असा त्यांचा निकाल. “हिला आता घरात ठेवायची नाही,” म्हणून ते ती गुंडाळून पिशवीत टाकतात आणि घरच्या ट्रंकेत जमा करतात. ट्रंकेवर नोंदवही आहे, वहीत तारखा आहेत, फक्त कुठली केबल कशासाठी जप्त केली हा रकाना नाही. कारण काका स्वतः कधी ऑडिटखाली आलेले नाहीत.

पुढे एखाद्या घरी नवा मॉनिटर येतो आणि काकू म्हणतात, “भाऊजी, केबल तेवढी नाही हो.” काका उदार मनाने ट्रंक उघडतात. “घ्या, आहे माझ्याकडे. कशाला पैसे घालता!”

आठवडाभरात त्या घरून निरोप येतो, मॉनिटर अडखळतोय. काका बिल काढून ठेवायला सांगतात.