डेटा उडाला असता काय करावे

सर्वप्रथम, काहीही करू नये. ही पायरी वाचायला सोपी आणि पाळायला महाकठीण. जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सची पाच जीबीची आयएसओ फाइल पेनड्राइव्हऐवजी घरच्या एक टीबीच्या बॅकअप डिस्कवर ज्याने नुकतीच उतरवली, त्याच्या हाताला त्या क्षणी विलक्षण चपळाई येते. तो केबल काढून पुन्हा लावतो. संगणक अदबीने विचारतो, डिस्क फॉरमॅट करू का? आणि तो (म्हणजे मीच, लपवायचे कशाला) तितक्याच अदबीने 'हो' म्हणतो. म्हणू नये. केबल काढावी, डिस्क कपाटात ठेवावी, चहा टाकावा.

चहा उकळेपर्यंत थोडे शास्त्र. फाइल डिलीट होते तेव्हा सातबाऱ्यावरचे नाव तेवढे उडते. शेतात ज्वारी उभीच असते. दुसऱ्याने तिथे नांगर घातला की मात्र ती ज्वारी ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. आपला नांगर पाच जीबीपुरताच फिरला, बाकीचे रान शाबूत आहे. पण विंडोजवाल्या डिस्कवर फायलींची नोंदवही बहुधा तिसऱ्या जीबीनंतर सुरू होते, म्हणजे आपण नेमके तलाठ्याचे दफ्तरच नांगरले. पीक आहे, कोणाचे ते कळायला मार्ग नाही. डिस्क एसएसडी असेल तर गोष्ट आणखी वेगळी: तिथे ट्रिम नावाचा उत्साही गडी नाव उडाल्याबरोबर रानही साफ करायला घेतो.

या टप्प्यावर सल्लागार जमतात. एक म्हणतो, डिस्क फ्रीजरमध्ये ठेव. तिथे मटार ठेवावेत. दुसरा सांगतो, लॅबमध्ये पुसलेल्याखालचेही वाचता येते. याचे मूळ पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधात आहे. त्यात डेटा पुसायला पस्तीस वेळा लिहिण्याची पद्धत दिली होती. पुढे त्यांनीच सांगितले की नव्या डिस्कना एवढा खटाटोप निरर्थक आहे. आपण एकदाच लिहिले आणि तेवढे पुरले.

आता फोटोरेक, म्हणजे हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम. फुकट आहे आणि नोंदवहीच्या नादी लागत नाही. सगळे रान पालथे घालून फाइलचे तोंड ओळखते. मिळाले ते दुसऱ्याच डिस्कवर उतरवावे, नाहीतर वाचलेल्या ज्वारीवर आपणच बैल सोडल्यासारखे होईल. यूएसबी 2 वर एक टीबी चाळायला नऊ-दहा तास लागतात. या काळात पडद्याकडे बघत बसू नये. बसाल, ते माहीत आहे.

सकाळी फायली परत आलेल्या असतात, पण बारशाआधीच्या अवस्थेत: एफ आणि पुढे आकडे. पाचपाचशेचे फोल्डर. त्यात वेबसाइटवरची नखाएवढी चित्रे, विजेची बिले, मेव्हण्याचा बायोडेटा आणि कधीतरी, चुकून, आपल्याला हवे ते. फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांत असेल तर फोटो वरून नीट आणि खाली करडा.

नातेवाइकांना विचारण्याची पायरी खरे तर पहिली हवी होती, पण लाज आडवी येते. येऊ देऊ नये. 1998 मध्ये पिक्सारमध्ये कोणाच्या तरी एका आज्ञेने 'टॉय स्टोरी 2'च्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही नीट चालत नसल्याचे उघड झाले. सिनेमा वाचला, कारण तिथल्याच गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. आमच्याकडे ही जागा मावशीची. तिच्या मोबाइलमध्ये आईच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो निघाले, फक्त व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेले.

फोटोरेकने मात्र त्यातला एक पूर्ण मोठा मिळवून दिला. म्हणजे वरचा अर्धा. आईला अभिमानाने दाखवला. तिने चष्मा पुसून पाहिला, सगळ्यांचे चेहरे ओळखले, मग बोट खालच्या करड्या पट्ट्यावर टेकवून म्हणाली, "आणि माझी पैठणी कुठंय रे?"